डोंगर, तोही बाहेरून

लखनौ,
ज्येष्ठातला मंगळवार

तीर्थरूप लीलावती वन्संना,

वसुधाचा वाकून नमस्कार. (वाकता येतं अजून, फक्त परत सरळ व्हायला जरा वेळ लागतो.) अण्णांची शुगर आटोक्यात आहे हे मागच्या फोनवर कळलं, पण आंब्याच्या दिवसांत त्यांच्या शब्दावर जाऊ नका, फ्रिजच्या मागं सुद्धा बघत जा. तुमचा खांदा कसा आहे? ते तेल लावता की नुसतंच कपाटात ठेवलंय? इथला उन्हाळा विचारू नका, दुपारी खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसतो. माझी छाती आता ठणठणीत आहे. गेल्या थंडीत तो न्यूमोनिया झाला, तुम्ही कराडहून इतक्या लांब धावत आलात, मला हुलग्याचं कढण करून घातलंत, ते सगळं मी आता विसरूनही गेले. म्हणजे तुमचं करणं नाही विसरले, आजारपण विसरले.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. वन्सं, आमचं घर एवढंसं, फोनवर बोललेलं सगळं ह्यांना ऐकू जातं. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर माझं व्हॉट्सॲप ह्यांच्या टॅबवर पण उघडतं. (आपल्या स्वरदानं वेल्सला जाताना सोय म्हणून जोडून दिलं. तेव्हापासून माझं खाजगी असं काही राहिलं नाही, तसं आधीही फार नव्हतं.) आज इथं बडा मंगल आहे. ज्येष्ठातल्या मंगळवारी कोपऱ्याकोपऱ्यावर मारुतीच्या नावानं भंडारा लागतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून बोलावून पुरी-सब्जी आणि सरबत देतात. आमच्या बिल्डिंगचाही आहे. तुमचे बंधू खाली सरबताच्या पिंपावर उभे आहेत, म्हणून मला ही दुपार मिळाली. एरवी त्यांनी एव्हाना रांगेला दोरी बांधली असती, येणारे कुठून आणि जाणारे कुठून याच्या बाणांच्या पाट्या लावल्या असत्या. आज ते नुसतेच पेले भरतायत. मी बाल्कनीतून पाहिलं, मला राहवेना, आणि मी कागद घेऊन बसले.

चूक माझी आहे, आणि ती माझ्या साठीच्या दिवशी सुरू झाली. स्वरदानं व्हिडिओवर विचारलं, आई, तुला काय हवं? आता मी साडी म्हणावं, नाही तर मिक्सर म्हणावं, आमचा जुना लावला की वरच्या मजल्यावरून विचारणा होते. पण मी बोलून गेले की मला एकदा डोंगर चढायचाय. वाईला आमच्या परसात उभं राहिलं की पांडवगड दिसायचा. शाळेत असताना आम्ही मैत्रिणी वर्षाकाठी दोनदा-तीनदा तरी वर जायचो आणि खाली आल्यावर आईचा मार खायचो. लग्न होऊन इथं आले तर जमीन अशी, की लाटून ठेवलेली पोळी. सगळ्यात उंच काय, तर आलमबागचा पूल. इतकी वर्षं मी कुणाला काही म्हटलं नाही, कारण सपाटी काही ह्यांनी केलेली नाही. पण त्या दिवशी तोंडातून निघालं. स्वरदा म्हणाली, मग या की इकडे, आमच्या गावामागेच एक आहे, सकाळी निघालं की संध्याकाळी खाली. चढ कडक आहे, पण माथ्यावरून समुद्र दिसतो. (त्या डोंगराचं नाव मला अजून घेता येत नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं घरात मी त्या डोंगरालाही 'ते' म्हणते.) ऑगस्टमध्ये जायचं ठरलं. इथपर्यंत सगळं छान होतं. मग मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं, तुम्हीच आखा सगळं.

वन्सं, तुम्ही मोठ्या बहीण, तुम्हाला काय सांगायचं. मानक नगरच्या रेल्वेच्या संशोधन संस्थेत ह्यांची सगळी नोकरी रूळ किती वाकवावा आणि किती चढवावा यात गेली. निवृत्त झाल्यापासून ह्यांना कुणी काही आखायला सांगितलं नव्हतं. घराची सब्जीसुद्धा मीच ठरवते. त्या एका वाक्यानं ते असे उजळले की दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसले. स्वरदानं तिथला मोठा नकाशा कुरिअरनं पाठवला, तो टेबलावर अंथरला गेला आणि चारी कोपऱ्यांवर माझ्या लोणच्याच्या बरण्या. महिनाभर आम्ही वरणभात ओट्याशी उभ्यानं खाल्ला. शेजारचे सक्सेनासाहेब, ते सिग्नलमधून रिटायर झालेले, रोज संध्याकाळी चहाच्या वेळी हजर. दोघं भिंग घेऊन वाकायचे आणि तासतासभर बोलायचे नाहीत. मग सक्सेनासाहेब म्हणायचे, "यहाँ मोड़ टाइट है, यार," आणि हे खोडरबर घ्यायचे. मी मनात म्हणायचे, अहो दोन म्हातारी माणसं आणि एक मुलगी चालत जाणार, मालगाडी थोडीच न्यायचीय. पण बोलले नाही. ह्यांना इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि थांबे. त्या नकाशावर जिथं तिथं थांबे. पाण्याचा थांबा, खाण्याचा थांबा, 'दृश्य' म्हणून थांबा, आणि काही थांबे नुसतेच, त्यांना नावच नाही. ह्यांची ही थांबायची खोड तुम्हाला माहीत नसेल, अलीकडची आहे, होळीच्या आसपास लागली असावी. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टची जागा तयार आहे, लिफ्ट 'अगले महीने' येणार आहे, आम्ही राहायला आलो तेव्हापासून. जिन्याच्या प्रत्येक वळणावर विजेचे मीटर आहेत. बाजारातून आलो की हे पुढे, मी मागे. पहिलं वळण आलं की हे थांबलेच. खिशातून चष्मा काढणार, तो पुसणार, घालणार आणि मीटर वाचणार. आपलाच नव्हे, सगळ्यांचे. मिश्राजींचा जास्त पळतोय, म्हणणार. पुढच्या वळणावर परत तेच. मी भाजीच्या पिशव्या घेऊन मागं उभी. "आटपा आता," म्हणते मी. "हं, झालंच," म्हणतात आणि आणखी एक वाचतात. वीजखात्याच्या माणसानं कधी इतक्या प्रेमानं वाचले नसतील. हा माणूस मला वेल्समध्ये दर चार पावलांवर थांबवणार, हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

एका रविवारी पहाटे ट्रायल झाली. (ह्यांनी तिला ट्रायल रन म्हटलं, सक्सेनासाहेबांनी हिरवं फडकं आणलं.) इथं डोंगर नाही म्हणून कॉलनीच्या भिंतीला वळसा घालून चालायचं. पाठीवर पिशवी, गळ्यात थर्मास, डोक्याला माझी ओढणी. हे पुढे घड्याळ बघत, मी मधे, मागून सक्सेनासाहेब फडकं हलवत. दुसऱ्या फेरीला गेटवरच्या गार्डनं हात जोडून विचारलं, "साहब, कोई जुलूस है? परमिशन ली है?" तिसऱ्या फेरीला आमच्यामागं दोन कुत्री आणि दूधवाला. पुढचा थांबा नेमका कॉलनीच्या कचराकुंडीपाशी आला. वेळापत्रकात 'दृश्य' लिहिलेलं होतं, म्हणून हे तिथंच थांबले आणि आम्ही दृश्य बघितलं. मी घरी येऊन वैतागले खरी, पण खोटं कशाला बोलू, हसूही आलं, आणि ऑगस्ट कधी येतो असं झालं.

मग तो दिवस आला, आराखडा दाखवायचा. मी पोहे केले. सक्सेनासाहेब आणि त्यांच्या मिसेस, कल्पनाभाभी, दोघं आले. टॅब बरणीला टेकवून ठेवला, त्यात स्वरदा. ह्यांनी लाल पेन्सिलीनं सगळी वाट काढली होती, इतकी सुरेख की मला तुळशीपुढची रांगोळी आठवली. हे उभे राहून सांगायला लागले. चढ कुठंही शंभरात एकच्या वर नाही, म्हणजे शंभर पावलं चाललं की एक पाऊल वर. वळणं सगळी सौम्य. स्वरदा कॅमेऱ्यात पार नाक घालून बघत होती. तिनं विचारलं, बाबा, पण ही वाट वर कधी जाते? हे म्हणाले, वर? ती म्हणाली, माथ्यावर. तर हे किती अभिमानानं म्हणाले, जात नाही, तेच तर. जिथं जिथं डोंगर अंगावर येतो तिथं तिथं आपण त्याला बगल दिलीय. सकाळी निघालो तिथंच संध्याकाळी परत, आणि दिवसभरात एकदाही धाप नाही.

मग सक्सेनासाहेब म्हणाले, "अरे भाईसाहब, ये तो परिक्रमा हो गई." (महिनाभर हा माणूस त्याच नकाशावर वाकला होता, मोड टाइट आहे म्हणत. त्याला तेव्हा दिसलं.) कल्पनाभाभींना पोह्यांचा ठसका लागला. स्वरदा हसायला लागली, बाबा, सो स्वीट, म्हणत. आणि मी, वन्सं, मी सगळ्यात मोठ्यानं हसले. तेवढ्यावर थांबायचं, तर नाही. मी म्हटलं, "छत्तीस वर्षं मला सपाटीवर आणून ठेवलंत, आणि आता डोंगर दाखवताय, तोही बाहेरून." सगळे आणखी हसले. हे पण हसले, पण ते हसू मी ओळखते. साहेबांनी चारचौघांत फाईल परत केली की असं हसून घरी यायचे.

सगळे गेल्यावर ह्यांनी नकाशाची गुंडाळी केली, दोरा बांधला आणि कपाटावर बॅगांच्या मागं सारली. बरण्या स्वतः पुसून जागेवर ठेवल्या. आता आम्ही रोज टेबलावर जेवतो, आणि मला ओट्याशी उभ्यानं खाल्लेला वरणभात आठवतो. स्वरदानं तिकिटांचं विचारलं तर "बघू," म्हणतात. मला म्हणाले, "तू आणि स्वरदा जाऊन या, मी काय, चढ टाळणारा माणूस." रागानं म्हणाले असते तर मी भांडले तरी असते. अगदी साधं म्हणाले, मीठ दे म्हणावं तसं. बाजारात बरोबर येत नाहीत. मी खाली उतरले की ते वरच असतात.

मला पण मग हट्ट चढला. जायचंच नाही तर डोंगरासाठी आणलेले ते रेनकोट तरी कशाला घरात, म्हणून गेल्या आठवड्यात कल्पनाभाभींना घेऊन अमीनाबादला परत करायला गेले. (घेताना त्या दुकानदारानं विचारलं होतं, "माताजी, कौन सी यात्रा? वैष्णोदेवी?" मी म्हटलं, वेल्स. तो म्हणाला, "वहाँ घोड़े मिल जाते हैं?") परत घेतले नाहीतच, पण वर म्हणाला, "कैंसिल हो गई? बुलावा नहीं आया होगा, माताजी. अगले साल आएगा." मला रस्त्यातच रडू यायला लागलं. कल्पनाभाभींना सांगितलं, डोळ्यात धूळ गेली. अमीनाबादमध्ये ते कुणालाही पटतं.

रिक्षानं घरी आलो. कल्पनाभाभी माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, पण चढताना अशा चढतात की खाली काही विसरलंय आणि वर कुणी बोलावतंय. त्या पुढे, मी मागे. पहिल्या वळणापर्यंत मी गेले आणि माझा श्वास संपला. वन्सं, खरंच सांगते, संपला. छातीत कुणी उशी कोंबल्यासारखं झालं. त्या तर पुढच्या वळणावर पोचल्या होत्या. आता त्यांना थांबा म्हणायचं, तर सगळ्या कॉलनीत होणार की डोंगर चढणारीला जिना चढवत नाही. काय करावं कळेना, म्हणून मी रेनकोटची पिशवी खाली ठेवली, चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला आणि समोर होता तो मीटर वाचायला लागले. वरून कल्पनाभाभी ओरडल्या, "भाभी, मीटर में क्या देख रही हैं? चलिए न."

मी तिथंच उभी राहिले. मिश्राजींचा मीटर काही जास्त पळत नाही, वन्सं. सगळ्यांसारखाच पळतो.

न्यूमोनियातून मी उठले ते होळीच्या आसपास. ह्यांना मीटरची खोड लागली तीही तेव्हाच. मी मागं उभी राहून आटपा, आटपा करायची, आणि आटपा म्हणण्याइतका श्वास मला परत आला की हे चष्मा खिशात घालून पुढे निघायचे. एकदाही म्हणाले नाहीत की तुझ्यासाठी थांबतोय. म्हणाले असते तर मी थांबले नसते, हेही त्यांना माहीत. आणि ज्या आराखड्यावर मी हसले त्यात चढ का नव्हता, बिननावाचे थांबे कुणासाठी होते, हे मला जिन्यात, रेनकोट पायाशी ठेवून कळलं. मी ह्या माणसाला चारचौघांत हसले. मला फार वाईट वाटतंय हो. रात्री झोप येत नाही आणि शेजारी ते जागे असतात हेही कळतं.

एवढंच कळवायचं होतं. खाली भंडारा आवरत आलेला दिसतोय, पातेल्यांचे आवाज येतायत. अण्णांना नमस्कार सांगा, नातवंडांच्या गालावरून माझ्या वतीनं हात फिरवा, आणि खांद्याला तेल लावा.

तुमची,
वसुधा

ता. क. एक काम आहे, आणि खरं म्हणजे पत्र त्याचसाठी लिहिलं. हे जगात फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही आपण होऊन फोन करा आणि त्यांना दटावा, की रंगा, वसुधाची छाती नाजूक आहे, तिला माथ्यावर नेऊ नकोस, तुझी ती वळशाची वाट आहे तिनंच ने. मी लिहिल्याचं अजिबात बोलू नका. त्यांनी मला सांगितलं की मी थोडा वेळ रागावेन, पाय आपटेन, वन्संना कुणी विचारलं होतं असंही म्हणेन, ते मनावर घेऊ नका. मग मी ऐकेन. मी स्वतः माफी का मागत नाही? कारण मागितली तर मला कळलंय हे त्यांना कळेल, आणि मग जिन्यात आम्ही दोघांनी काय करायचं? समुद्र मला एरवीही चित्रात दिसतो.

ता. क. (शनिवार) पत्र टाकायला जाणार होते तेवढ्यात एक झालं, म्हणून पाकीट फोडून लिहितेय. आज हे बाल्कनीत टॅबवर स्वरदाशी बोलत होते. (दबक्या आवाजात बोलत होते, म्हणजे तुमच्या कराडला ऐकू गेलं नसेल, बाकी सगळ्यांना गेलं.) नकाशा कपाटावर नव्हता. ह्यांच्या मांडीवर होता आणि लाल रेघ माथ्यापर्यंत गेली होती, नागमोडी, थांबत थांबत. हे तिला विचारत होते, "वर जाताना वाटेत वाचण्यासारखं काही असतं का गं? पाटी, खांब, काहीही?" ती म्हणाली, "बाबा, तिथं काही नाही, नुसत्या मेंढ्या आहेत." ह्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, "चालेल. मेंढ्या मोजता येतील."

तेव्हा वन्सं, तुम्ही फोन करू नका. रेनकोट मी परत कपाटात ठेवलेत. ते मेंढ्या मोजत उभे राहतील तेव्हा मी मागं उभी राहीन, आणि या खेपेला आटपा म्हणणार नाही.